उजव्या हाताची गिटार

काटकोन तपासायच्या सुताराच्या हत्याराला गुण्या म्हणतात. गल्लीनं सुताराचंच नाव गुण्या ठेवलं होतं आणि त्यात गल्लीची काही चूक नव्हती. हा माणूस कुणाकडे चहाला गेला तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचा आणि मग बसायचा. एकदा दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्यानं खिशातला पाना-स्क्रूड्रायव्हर काढून डॉक्टरांच्या दाराची बिजागरी घट्ट केली होती, आणि तेव्हा आत एक बाई तपासून घेत होत्या. बाईंनी आरडाओरडा केला. याचं म्हणणं एवढंच, की दार आता करकरत नाही ना, मग झालं. तोंडावर त्याला सगळे मिस्त्री म्हणत. गुण्या हे नाव त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्याच्या लेकीला जमीन मोजायच्या कामावर नोकरी लागली. जिथं रस्ते अजून झालेले नाहीत तिथं जायचं, तंबूत राहायचं, रस्ता कुठून जावा याची मापं घ्यायची आणि एक मुक्काम हलला की दुसरा गाठायचा. सामान म्हणजे पाठीवर मावेल ती एक पिशवी. आधी प्रशिक्षणासाठी ती काही महिने दुसऱ्या गावी गेली. तिथून चार दिवस घरी यायचं आणि मग कायमचं निघायचं, असं ठरलं होतं. तिची गिटार घरीच राहणार होती, कारण ते एवढं मोठं धूड पाठीवर घेऊन डोंगर कोण चढणार?

"जीव आहे तिचा त्या गिटारमध्ये," सुताराची बायको म्हणाली. "करमायचं नाही पोरीला."

सुताराच्या डोक्यात चक्र सुरू झालं. बाप-लेकीत भांडण असं कधी झालंच नव्हतं. बोलणंच इतकं थोडं होतं, की भांडणाला जागाच नव्हती. जेवण झालं का, कधी येणार, किल्ली घेतलीस का, एवढ्यात त्यांचा दिवस उरकायचा. आता ती तेवढ्यालाही नसणार होती. तिच्या पाठीवरच्या पिशवीत आपल्या हातचं काहीतरी असावं, असं त्याला फार वाटू लागलं. जन्मभर त्यानं लोकांना टेबलं आणि कपाटं करून दिली होती, आणि कपाट काही कुणी तंबूत नेत नाही. म्हणून त्यानं ठरवलं, की पिशवीत मावेल अशी छोटी गिटार आपणच करायची. ती तिनं नेली, तर आपलंही थोडं काहीतरी तिच्याबरोबर गेलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. लेक इतकी वर्षं गिटार वाजवत होती, पण सुतारानं तिला वाजवताना कधीही पाहिलं नव्हतं. ती वरच्या खोलीत दार लावून वाजवायची. हा जिन्याला लागला, की आवाज बंद. आमची पोरगी भारी लाजाळू, असं तो कौतुकानं सांगायचा. कॉलेजात तिचे कार्यक्रम झाले, नंतर बाहेरही झाले. बायको गेली, शेजारी चष्म्याचं दुकान असलेला चष्मेवाला आपल्या बायकोला घेऊन गेला, हा मात्र एकदाही गेला नाही. दर वेळी कुणाचं ना कुणाचं कपाट अडलेलं असायचं.

लेक गावाला गेल्यावर त्यानं तिची मोठी गिटार खाली कारखान्यात आणली आणि मापं घ्यायला बसला. बसल्या बसल्याच त्याच्या कपाळाला आठी पडली. वाद्यांच्या दुकानाच्या काचेत त्यानं गिटारी पाहिल्या होत्या. गिटार मांडीवर धरली, की जाड तार वर आणि बारीक तार खाली येते. हिच्या तारा नेमक्या उलट्या होत्या. झालं. वाकडं दिसलं, की याचे हात शिवशिवणार. तिथल्या तिथं तारा सोडून नीट लावाव्यात असं त्याला वाटलं, पण मग आपण गिटारला हात लावला हे तिला कळलं असतं आणि सगळी गंमत गेली असती. म्हणून त्यानं मोठ्या मनानं तो गाढवपणा तसाच राहू दिला.

खुंट्या आणि तारा आणायला तो वाद्यांच्या दुकानात गेला तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"काय हो, उलट्या तारा लावून विकता का तुम्ही लोकांना?"

"उलट्या?" दुकानदार म्हणाला. "वाजवणारा डावखुरा असेल मिस्त्री. डावखुरे तशाच लावून घेतात."

"छे छे! माझ्या मुलीची आहे ती. लहानपणी होती तिला डाव्या हाताची सवय. मीच मोडली." हे सांगताना सुताराची मान जरा ताठच झाली.

दुकानदारानं खांदे उडवले आणि खुंट्या कागदात बांधल्या. गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाचं दुकान चाललंय!

पुढचे काही आठवडे सुतारानं जे केलं, त्याला तोड नव्हती. जुन्या कपाटाच्या पाठीची देवदाराची फळी त्यानं जपून ठेवली होती. हलकी, सरळ रेषांची, टिचकी मारली की बोलणारी. तीच त्यानं गिटारच्या वरच्या फळीसाठी घेतली. बाजूंना अक्रोडाच्या पट्ट्या घेतल्या. त्या पाण्यात भिजवून, तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू दाबत कमरेसारख्या वाकवायच्या होत्या. लाकूड वाकू नये म्हणूनच जन्मभर धडपडलेला माणूस तो. पहिली पट्टी कटकन मोडली, दुसरी करपली. तिसरीच्या वेळी तो तिच्याशी चक्क गोड बोलत होता, असं चष्मेवाल्यानं नंतर गल्लीभर सांगितलं.

वरची फळी त्यानं आधी भरभक्कम ठेवली. दुकानदारानं ती हातात घेऊन टिचकी मारली आणि म्हणाला, "मिस्त्री, हिच्यावर बसायचंय की वाजवायचंय?" मग सुतारानं रंधा धरला आणि फळी पातळ करत गेला. उजेडासमोर धरली की पलीकडं बोटांची सावली दिसावी इतकी पातळ केली, आणि दर हाताला थांबून ती चिरली तर नाही ना, ते पाहिलं. इतकं नाजूक काम त्यानं कधी केलंच नव्हतं. पडद्यांची, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांची, मापं काढताना तर नाकी नऊ आले. शेवटी दुकानदारानंच युक्ती सांगितली, की मोठ्या गिटारचे वरचे दोन पडदे नाहीतच असं समजा आणि तिथून पुढची मापं जशीच्या तशी उचला, म्हणजे आखूड दांडीवरही सूर बरोबर पडतील. सुतारानं पितळी तारेचे तुकडे एकेक करून ठोकले आणि टोकं कानशीनं घासली. तिची बोटं कापायला नकोत म्हणून प्रत्येक टोकावरून आपलं बोट फिरवून पाहिलं.

आणि मग शेवटची कलाकुसर. वाजवताना उजवा हात गिटारच्या कडेवरून तारांकडे येतो. कडा टोकदार असेल तर तास-दोन तासांत हाताला वळ उठतो. सुतार स्वतः स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली, उजवा हात टेकवून पाहिला आणि टेकतो तिथं कडेला छान उतार दिला. तिथं त्यानं पॉलिश इतकं घोटलं, की हात ठेवला की काढावासा वाटू नये. मग तारा चढवल्या. जाड वर, बारीक खाली. त्याला आभाळ ठेंगणं झालं.

लेक परत आली, आणि निघायच्या दोन दिवस आधी दुपारी घरी चार माणसं जमली. सुताराची थोरली बहीण, म्हणजे लेकीची आत्या, आली होती. चष्मेवाला आणि त्याची बायको होती. लेकीबरोबर कामावर जाणारी तिची एक मैत्रीणही होती. चहा झाला, केक कापला. आत्यानं लेकीच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या आणि म्हणाली, "ही आधी सगळं डाव्या हातानं करायची. आठवतंय का रे?"

"आठवतंय म्हणजे?" सुतार पुढं सरसावला. ही त्याची आवडती गोष्ट होती आणि चार माणसं जमली की तो ती सांगायचाच. "शाळेचा अभ्यास करायला मी हिला कारखान्यात माझ्या बाकाशी बसवायचो. पेन्सिल डाव्या हातातच जायची. सांगून दमलो, ओरडून दमलो. मग एक दिवस काय केलं, हिचा डावा हात कापडात गुंडाळला आणि बाकाच्या वाईसच्या पकडीत धरला! लाकूड धरतात ना, तसा. घट्ट नाही हां, अगदी अलगद. म्हटलं, आता लिही. आणि लागली की लिहायला! महिनाभरात सवय खलास. कुठल्या डॉक्टरला जमलं असतं का?"

आत्या खदखदून हसली. चष्मेवाला कपातल्या चहाकडे बघत राहिला. त्याची बायको केकचे तुकडे उगीचच पुन्हा मांडू लागली. मैत्रीण लेकीकडे बघत होती, आणि लेक हसत होती. ही गोष्ट निघाली, की ती नेहमीच हसायची.

मग सुतारानं आतून गिटार आणली. एवढीशी, मधाच्या रंगाची, लहान मुलासारखी कुशीत घ्यावी अशी. लेकीनं दोन्ही हातांनी ती घेतली, फिरवून फिरवून पाहिली. कडेच्या त्या उतारावर तिचं बोट आलं आणि तिथंच थांबलं.

"बाबा, हे तुम्ही केलं?"

"मग काय, आकाशातून पडलं?"

"अगं पण ही तर..." मैत्रीण म्हणाली. लेकीनं तिच्याकडे असं काही पाहिलं, की ती पुढं बोललीच नाही. सुताराला वाटलं, आपली पोरगी कौतुकानं गहिवरली.

"वाजव की आता," आत्या म्हणाली. "तुझ्या बापानं एवढी मेहनत केली!"

लेकीनं गिटार मांडीवर घेतली आणि उजवा हात त्या उतारावर टेकवला. हात बरोबर बसला. पण वाजलं ते काहीच्या काहीच. बोटं भलत्याच तारेवर जात होती, सूर अर्धवट दबत होते, एक ओळ सुरू व्हायची आणि मध्येच पडायची. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. नवशिक्याचं बरं म्हणावं असं ते वाजत होतं. सुताराच्या कानशिलांतून गरम वाफ निघू लागली. चारचौघांत आपलं काम उघडं पडलं, एवढंच त्याला कळत होतं. आपल्याला टेबलं करायची अक्कल, आणि आपण निघालो वाद्य करायला!

"सुरेख आहे हो," चष्मेवाला घाईघाईनं म्हणाला.

"अजून थोडं काम राहिलंय," असं पुटपुटत सुतारानं तिच्या हातातून गिटार जवळजवळ ओढूनच घेतली आणि कारखान्यात निघून गेला. लोक जाईपर्यंत तो बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिटार घेऊन वाद्यांच्या दुकानात गेला. दुकानदारानं खुंट्या पिळून सूर जुळवला, खुर्चीत मागं रेलला आणि वाजवू लागला. त्या एवढ्याशा पेटीतून असा गोड, भरलेला आवाज आला, की रस्त्यावरून जाणारी एक बाई दारात थांबली.

"मिस्त्री, हातांचे मुके घ्यावेत तुमच्या," दुकानदार म्हणाला. "कुठंही खोट नाही."

सुताराचा जीव भांड्यात पडला. आणि माणसाचा जीव भांड्यात पडला, की त्याची जीभ सैल सुटते. घरी येईपर्यंत त्याच्या मनात सगळा हिशेब लागला होता. खोट लाकडात नाही, तर ती दुसरीकडेच असणार. लेक बाहेरच्या खोलीत पिशवी भरत होती, बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं गिटार टेबलावर ठेवली.

"वाद्यात काही खोट नाही. दुकानदारानं वाजवून दाखवलं, लोक थांबून ऐकत होते. खोट वाजवणारीत आहे." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण कालचा अपमान आत खदखदत होता. "इतकी वर्षं दार लावून केलंस तरी काय? आम्ही आपले समजत होतो, पोरगी वाजवतेय. चार माणसांत माझी शोभा केलीस."

लेकीनं हातातला सदरा पिशवीत ठेवला.

"हो बाबा. सराव कमी पडला," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

बायकोनं अर्धी घडी तशीच टाकली.

"झालं समाधान?"

"मी खोटं बोललो का?"

"अहो, ती डावखुरी आहे."

"होती."

"आहे!" बायकोचा आवाज चढला. तो कधी चढायचा नाही, त्यामुळे सुतार दचकलाच. "लिहिते उजव्या हातानं, जेवते उजव्या हातानं, तुम्ही लावलंत तसं सगळं करते. गिटार तेवढी डाव्या हातानं वाजवते. तेवढं एकच तिनं तुमच्यापासून वाचवून ठेवलंय. काल तुमची मान खाली जाऊ नये म्हणून बिचारी उजव्या हातानं वाजवायला बसली. जन्मात कधी वाजवलं नव्हतं तिनं तसं. आणि तुम्ही तिलाच..."

सुतार खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे. स्टेजवर वाजवते ती! चष्मेवाल्याच्या बायकोकडे फोटो आहेत."

"मग मी करत होतो तेव्हा सांगायचं नाही?"

"मला काय ठाऊक, गिटारलाही डावं-उजवं असतं! मला वाटलं, पेटीला तारा बांधल्या की झालं." बायकोचे डोळे भरून आले. "आणि सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. दुकानदारानं तर तोंडावर सांगितलं होतं. डावखुरा असेल, म्हणाला होता, आणि आपण मान ताठ करून त्याला काय उत्तर दिलं ते सुताराला शब्दन् शब्द आठवलं. तिच्या गिटारवरच्या तारा आठवल्या, ज्या आपण मोठ्या मनानं तशाच राहू दिल्या होत्या. कालची दुपार आठवली. चष्मेवाला चहात का बघत होता, मैत्रीण का थांबली, लेकीचं बोट त्या उतारावर का अडलं, हे सगळं एकेक करून त्याच्यापुढं येऊन उभं राहिलं. त्या खोलीत बहीण सोडून जो तो जाणून होता. जिच्या हाताची गोष्ट होती तिच्यासमोर, गल्लीला ठाऊक असलेलं आपल्यालाच ठाऊक नसताना, तो वाईसची गोष्ट रंगवून सांगत होता. कालच नाही, इतकी वर्षं सांगत होता. त्याला अशी लाज वाटली, की बायकोसमोर उभं राहणंही त्याला जमेना. तो गिटार उचलून कारखान्यात गेला आणि दार ओढून घेतलं.

बाकाला तो वाईस होताच. सुतार त्याच्याकडे बघत राहिला. यंत्रं, करवती, सगळी हत्यारं उजव्या हाताची असतात, डावखुऱ्याची बोटं तुटतात, म्हणून आपण ते केलं, असं तो स्वतःला सांगत आला होता. ते काही खरं नव्हतं. त्याच्या बहिणीनं एकदा भर कार्यक्रमात म्हटलं होतं, "गुण्याच्याच घरात पोर वाकडी!" आणि लोक हसले होते. एवढंच कारण होतं. लोक हसले म्हणून त्यानं पोरीचा हात वाईसमध्ये धरला होता, आणि नंतर तीच गोष्ट सांगून लोकांना हसवलं होतं.

त्यानं खांद्यावरचं फडकं काढून आपल्या डाव्या हाताला गुंडाळलं, हात वाईसमध्ये ठेवला आणि दांडा फिरवला. अलगद. खरंच दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"मिस्त्री, माझ्या दुकानाच्या फळीचं..." म्हणत चष्मेवाला दार ढकलून आत आला, आणि तसाच थिजला. सुतारानं दांडा उलटा फिरवायची धडपड केली, पण घाईत दांडाच हातातून सुटला. पन्नाशी उलटलेला माणूस फडक्यात हात गुंडाळून स्वतःच्याच बाकाला अडकलेला. चष्मेवाला जन्माचा चेष्टेखोर. दुसरा कुठलाही दिवस असता तर त्यानं यावर गल्लीला महिनाभर हसवलं असतं. आज तो हसला नाही. पुढं येऊन त्यानं दांडा फिरवून हात मोकळा केला, "फळीचं बघू नंतर," म्हणाला आणि गेला. ते न हसणं सुताराला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

मग तो कामाला लागला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. तारा सोडल्या. दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी हलक्या हातानं सोडवून उलटी बसवली. खाचा कानशीनं सारख्या केल्या, तारा पुन्हा चढवल्या, या वेळी जाड तार दुसऱ्या बाजूला. राहिला उतार. चुकीच्या बाजूचा उतार काही भरून येणार नव्हता, पण दुसऱ्या बाजूला नवा करता येणार होता. त्यानं रंधा हातात घेतला, गिटार डावीकडे वळवून मांडीवर धरली आणि आपला डावा हात टेकवून पाहिला. आणि त्याच्या ध्यानात आलं, की हा आपला हात आहे. पहिला उतारही आपण आपल्याच हाताच्या मापानं काढला होता. तिचा हात कुठं टेकतो, ती पाठ कशी ठेवते, गिटार कुठल्या गुडघ्यावर घेते, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगता आलं असतं. त्यानं रंधा खाली ठेवला.

वरच्या खोलीचं दार त्यानं वाजवलं. दार वाजवून आत जायची त्याची रीत नव्हती.

"ये ना आई."

"मी आहे."

लेकीनं दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. त्याच्या हातातल्या गिटारकडे तिनं पाहिलं, तारांकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

"आईनं सांगितलं."

"हो." तो उंबऱ्यातच उभा होता. "तारा फिरवल्यात. आता तुझ्या हाताला येतील."

"कशाला बाबा! मी तिकडे जाऊन फिरवून घेतल्या असत्या."

"मी चुकलो," सुतार म्हणाला. "गिटारचं नाही म्हणत मी. ते वाईसचं. सकाळी बोललो त्याचं पण. पण ते वाईसचं... घट्ट नव्हता गं तो." आणि हे तोंडातून निघाल्या निघाल्या त्याला स्वतःची किळस आली. माफी मागतानाही आपण आपलीच बाजू मांडतोय.

"नव्हताच घट्ट," लेक म्हणाली. "हात सहज निघत होता. मी काढायची नाही."

"का?"

"तुम्ही बघत असायचात ना. काढला असता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ती हे रागानं बोलली असती तर त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हताच, तिनं आपली सहज माहिती दिली. सुतार उंबरा ओलांडून आत आला.

"एकदा वाजव," तो म्हणाला. "तुला हवं तसं. हात कुठं टेकतो ते बघतो आणि तिथं उतार देतो. तुला टोचायला नको."

ती पलंगाच्या कडेला बसली, गिटार उजव्या गुडघ्यावर घेतली आणि डावा हात पेटीवरून तारांकडे आणला. सुतार समोर उभा राहून बघत होता. तिची बोटं तारांजवळ आली आणि तिथंच थांबली. तिनं एक सूर छेडला, तो दबका निघाला. दुसरा छेडला. मनगट असं ताठरलं होतं, की लाकडाचं वाटावं. तिनं हात झटकला, पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. मग ती हसली, पण ते काही हसू नव्हतं.

"गंमतच आहे. केवढ्या लोकांसमोर वाजवलंय मी." तिनं हात मांडीखाली दडपला. आपण तो दडपला, हे तिच्या लक्षातही आलं नाही. सुताराच्या आलं. "तुम्ही समोर असलात की हा चालतच नाही, बाबा. राग नका मानू. तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि पलंगावर तिच्या शेजारी ठेवली.

"टेकतो तिथं खूण कर. मी आजच तासून देतो."

"मग उद्या नेते मी ही," ती म्हणाली.

"ने," सुतार म्हणाला. त्याला एवढंच हवं होतं आणि ते मिळालंही होतं, पण आनंद काही होईना. बाहेर येऊन त्यानं स्वतःच्या हातानं दार लावलं.

थोडा वेळ आतून काहीच आलं नाही. मग एक सूर आला, दुसरा आला, आणि मग ती सुटलीच. दुकानदारानं वाजवलं होतं ते याच्यापुढं काहीच नव्हतं. त्यानं घासलेल्या पडद्यांवरून बोटं धावत होती, त्यानं भीत भीत पातळ केलेली फळी गात होती, आणि हे सगळं ज्या हातातून येत होतं तो हात त्याच्यापासून एका दाराच्या अंतरावर होता. दार नुसतं ढकलायचं होतं. पण ढकललं की ते थांबणार, हे आता त्याला ठाऊक होतं. तो पायरीवर बसला.

"अजून थोडा वेळ लागेल हं बाबा," ती आतून म्हणाली.

"लागू दे," तो इतक्या हळू म्हणाला, की तिला ऐकू गेलंच नसावं. मग कधीतरी दार उघडेल आणि आपण तिच्याकडे बघत बसलेले तिला दिसू, अशी त्याला भीती वाटली. म्हणून तो पायरीवरच वळला आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.